रेकॉर्डरचा रिमोट मंद चालतो? नवा घेण्यापूर्वी कोणत्या क्रमाने तपासावे

रेकॉर्डिंगची सोय असलेल्या सेट-टॉप बॉक्सचा रिमोट सुस्त चालू लागला की घरोघरी साधारण एकच क्रम दिसतो. आधी रिमोट तळहातावर आपटला जातो, मग सेल जागच्या जागी फिरवले जातात, मग नागपूरच्या बर्डी बाजारातून नवा रिमोट येतो, आणि तोही तसाच चालतो म्हटल्यावर कोणीतरी सेटिंगमध्ये शिरून बॉक्स ‘फॅक्टरी रीसेट’ करून मोकळा होतो. या शेवटच्या पायरीत जपून ठेवलेली रेकॉर्डिंग किंवा निदान पुढच्या रेकॉर्डिंगचे वेळापत्रक हमखास जाते, आणि दोष मात्र शोकेसच्या काचेत किंवा भरून गेलेल्या हार्ड डिस्कमध्ये तसाच राहतो. खालील टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करावेत, कारण प्रत्येक टप्प्याचा निष्कर्ष पुढच्या टप्प्यात गृहीत धरला आहे.

त्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांवर चालणारा साधा रिमोट उशीर करू शकत नाही. त्याच्या टोकावरचा छोटा दिवा सेकंदाला साधारण ३६ ते ४० हजार वेळा, बहुतेक उपकरणांत ३८ हजार वेळा, उघडझाप करत एक सांकेतिक आदेश पाठवतो आणि हा सगळा आदेश सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास संपतो. तो बॉक्सपर्यंत अखंड पोहोचला तर बॉक्स तो वाचतो. मधला एखादा तुकडा गळाला तर बॉक्स तो आदेश पूर्ण सोडून देतो. म्हणजे ‘चार वेळा दाबल्यावर एकदा चालते’ आणि ‘एकदाच दाबले, पण तीन सेकंदांनी चालते’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली रिमोटची किंवा मधल्या वाटेची असते, दुसरी जवळजवळ नेहमी बॉक्सची. ब्लूटूथवर चालणारा रिमोट मात्र खरोखर उशीर करू शकतो. त्याचा विचार चौथ्या टप्प्यात केला आहे.

पूर्वतयारी

एकाच कंपनीचे, एकाच पाकिटातले दोन नवे अल्कलाइन सेल आणावेत. बहुतेक रिमोटना लहान, म्हणजे ‘एएए’ मापाचे सेल लागतात. दुकानात नुसते ‘पेन्सिल सेल’ मागितले तर थोडा जाड ‘एए’ हातात पडण्याची शक्यता असते, म्हणून जुना सेल दाखवून घेणे बरे. याशिवाय कॅमेरा असलेला मोबाइल, व्यवस्थित चालणारा दुसरा एखादा रिमोट (टीव्हीचा चालेल), कापसाच्या काड्या, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल, खोडरबर आणि कोरडे मऊ फडके जवळ ठेवावे. मल्टिमीटर असल्यास उत्तम, नसल्यास अडत नाही.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन सॉफ्टवेअरची आवृत्ती, डिस्कमधील मोकळी जागा आणि ठरवून ठेवलेल्या रेकॉर्डिंगची यादी यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. रिमोटला टीव्हीचा आवाज व पॉवर शिकवलेला असेल तर त्याचा संकेतांकही लिहून ठेवावा, कारण काही रिमोट सेल काढल्यावर तो विसरतात.

सावधान: बॉक्स मंद असताना रेकॉर्डिंगच्या यादीत ‘ओके’ पुन्हा पुन्हा दाबू नये. अनेक बॉक्स दाबलेली बटणे साठवून ठेवतात आणि जाग आल्यावर एकामागोमाग अमलात आणतात. पहिल्या ‘ओके’ने कार्यक्रमाचा तपशील उघडतो, दुसऱ्याने ‘काढून टाका’ निवडले जाते आणि तिसऱ्याने त्याला संमती मिळते.

टप्पा १ : उशीर कुठे होतो ते ठरवणे

या टप्प्याला दहा मिनिटे लागतात आणि बहुतेक लोक नेमका हाच गाळतात.

चाचणी वाहिनी बदलून कधीही करू नये. डिजिटल प्रसारणात वाहिनी बदलल्यावर बॉक्सला नव्या वाहिनीचा संकेत पकडावा लागतो, तिची कुलूपबंद माहिती उघडावी लागते आणि पहिले पूर्ण चित्र येईपर्यंत थांबावे लागते. यात एक-दोन सेकंद, एचडी वाहिनीवर कधी त्याहून थोडे अधिक जाणे स्वाभाविक आहे. ज्यांनी केबलच्या जुन्या दिवसांत खटाखट वाहिन्या बदलल्या आहेत त्यांना हा दोष वाटतो, पण कोणताही रिमोट आणला तरी तो जाणार नाही. चाचणीसाठी मेन्यू उघडावा आणि वर-खाली बाणाने एकेक ओळ सरकवावी.

आता रिमोट बॉक्सच्या अगदी समोर, हातभर अंतरावर धरून खाली जाणारा बाण एकदाच दाबावा आणि नजर टीव्हीवर न ठेवता बॉक्सच्या दर्शनी बाजूच्या दिव्यावर ठेवावी. बहुतेक बॉक्समध्ये आदेश मिळताच हा दिवा क्षणभर लुकलुकतो. बटण दाबताच दिवा लुकलुकला आणि पडद्यावरची ओळ उशिरा सरकली, तर रिमोट निर्दोष आहे. थेट सहाव्या टप्प्यावर जावे. दिवा काही वेळा लुकलुकतो आणि काही वेळा नाही, तर पुढचा टप्पा घ्यावा. एकदा दाबल्यावर दोन-दोन ओळी उड्या मारत असतील, तर तो बहुधा बटणाखालच्या झिजलेल्या संपर्काचा दोष असतो आणि त्याचे उत्तर पाचव्या टप्प्यात आहे.

बॉक्सवर स्वतःची बटणे असतील तर ती दाबून पाहावीत. तीही मंद चालत असतील तर रिमोटचा विषय तिथेच संपतो.

आणखी एक सोपी खूण आहे. बॉक्सच्या रिमोटवरचे आवाजाचे बटण पुष्कळदा टीव्हीलाच थेट आदेश देते. आवाज झटपट वाढतो-कमी होतो आणि मेन्यू मात्र रेंगाळतो, असे असेल तर रिमोटचे सेल आणि दिवा दोन्ही ठीक आहेत.

पडताळणी: पुढे जाण्यापूर्वी कागदावर एकच वाक्य लिहावे, ‘दिवा लगेच लागतो’ किंवा ‘दिवा चुकतो’. हे वाक्य लिहिता येत नसेल तर टप्पा पुन्हा करावा.

टप्पा २ : सेल आणि त्यांचे संपर्क

दोन्ही सेल एकाच वेळी बदलावेत. एक नवा आणि एक जुना घातल्यास जुना सेल लवकर पूर्ण रिकामा होतो, नवा त्याच्यातूनच प्रवाह ढकलत राहतो आणि जुना गळू लागतो. घड्याळातून काढलेला सेल रिमोटला घालणे ही काटकसर इथे उपयोगाची नाही. घड्याळाला अगदी किंचित प्रवाह पुरतो, रिमोटच्या दिव्याला मात्र क्षणभर का होईना, त्याच्या कितीतरी पट मोठा झटका लागतो. याच कारणाने मल्टिमीटरचे माप फसवते. नव्या अल्कलाइन सेलवर १.५ व्होल्टपेक्षा थोडे जास्त दिसते. १.३ च्या खाली दिसल्यास तो रिमोटसाठी थकलेला मानावा; पण १.४ दिसले म्हणून तो निर्दोष ठरत नाही, कारण भार नसताना घेतलेले माप भार पडल्यावर टिकेलच असे नाही. पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलचा नाममात्र दाब मुळातच १.२ व्होल्ट असतो. बहुतेक रिमोट त्यांवर चालतात, मात्र पल्ला कमी होऊ शकतो. चाचणीपुरते तरी अल्कलाइन सेलच वापरावेत.

सेल दाताने चावणे, फरशीवर आपटणे, उन्हात तापवणे हे सगळे प्रकार बंद करावेत. तापल्यावर सेलमधील रासायनिक क्रिया थोडा वेळ वेग घेते आणि रिमोट चालल्यासारखा वाटतो, पण नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, गच्चीवर ठेवलेला जुना सेल गळायला वेळ लागत नाही. चावलेल्या सेलचे आवरण फुटले तर आतले द्रव्य तोंडात जाते, हे वेगळे सांगायला नको.

सेल काढल्यावर लगेच नवे घालू नयेत. आधी रिमोटचे कोणतेही एक बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत साठलेला उरलासुरला भार निघून जातो आणि अडकलेला रिमोट पूर्णपणे नव्याने सुरू होतो. नंतर कप्प्यातील स्प्रिंगा आणि पत्र्या उजेडात नीट पाहाव्यात. सेल फिरवल्यावर रिमोट काही दिवस चालतो आणि पुन्हा अडतो, असा ज्यांचा अनुभव आहे त्यांच्याकडे बहुधा याच पत्र्यांवर गंज किंवा मळाचा पातळ थर असतो. फिरवताना तो खरवडला जातो, इतकेच. खोडरबराने पत्र्या घासाव्यात, स्प्रिंगेच्या टोकाला अल्कोहोलमध्ये भिजवलेली काडी फिरवावी आणि दबलेली स्प्रिंग नखाने हलकेच बाहेर ओढावी. पांढरी कडक पूड जमली असेल तर ती अल्कलाइन सेलच्या गळतीची असते. व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा एखादा थेंब काडीवर घेऊन ती पुसावी, मग अल्कोहोलने स्वच्छ करावी आणि पूर्ण वाळू द्यावी. हात नंतर साबणाने धुवावेत.

नागपुरात याला कूलरचा हातभार लागतो. मार्चअखेरपासून जूनपर्यंत बैठकीच्या खोलीत ओलसर वारा सतत फिरत असतो, आणि कूलरच्या अगदी झोतात ठेवलेल्या रिमोटच्या पत्र्या कोरड्या खोलीतल्यापेक्षा लवकर काळवंडतात. रिमोट ठेवण्याची जागा बदलणे हा यावर फुकटचा उपाय आहे.

पडताळणी: नवे सेल घातल्यावर पहिल्या टप्प्यातील दिव्याची चाचणी पुन्हा करावी. आता प्रत्येक दाबाला दिवा लागत असेल तर काम झाले, पुढे जाऊ नये.

टप्पा ३ : मोबाइलच्या कॅमेऱ्यातून रिमोट पाहणे

अवरक्त प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, मोबाइलच्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा दिसतो. खोलीतला उजेड कमी करावा, कॅमेरा सुरू करून रिमोटचे टोक त्याच्याकडे धरावे आणि बटण दाबावे. पडद्यावर फिकट जांभळा किंवा पांढरा ठिपका लुकलुकताना दिसला पाहिजे. काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्यावर हा प्रकाश अडवणारी गाळणी असते, म्हणून काही दिसले नाही तर समोरचा, सेल्फीचा कॅमेरा वापरावा. तरीही काही न दिसल्यास आधी टीव्हीचा चालता रिमोट त्याच कॅमेऱ्यासमोर धरून पाहावा. ही तुलना न करता ‘रिमोट मेला’ असा निष्कर्ष काढणे ही फार वारंवार होणारी चूक आहे.

ठिपका दिसतो की नाही एवढ्यावर न थांबता तो कसा दिसतो हेही पाहावे. चालत्या रिमोटच्या मानाने तो फारच मंद असेल तर टोकावरची काच-प्लास्टिक मळलेली आहे किंवा दिवा झिजला आहे. बटण दाबून धरल्यावर ठिपका हळूहळू विझत असेल तर सेल किंवा संपर्क पुन्हा तपासावेत. काही बटणांना ठिपका उमटतो आणि काहींना नाही, तर दोष त्या बटणांखाली आहे.

आणि काहीच न दाबता ठिपका सतत लुकलुकत असेल, तर एखादे बटण आत अडकले आहे. असा रिमोट दोन प्रकारे त्रास देतो: सेल काही दिवसांत संपवतो, आणि त्याच्या अखंड बडबडीत बॉक्सला दुसऱ्या रिमोटचे आदेशही नीट ऐकू येत नाहीत. घरात जुना, न वापरलेला रिमोट सोफ्याच्या गादीखाली दाबून पडला असेल तर तो शोधून त्याचे सेल काढावेत.

इथेच प्लास्टिकच्या आवरणाविषयी लिहिले पाहिजे. नवा रिमोट पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून वर्षानुवर्षे वापरण्याची आपली पद्धत हेतूने चांगली आहे, तर्री-पोह्याचा हात लागला तरी रिमोट वाचतो हे खरे. पण ती पिशवी कालांतराने पिवळी पडते, टोकावर तिच्या सुरकुत्या जमतात, आणि घट्ट ताणलेली असेल तर कडेची बटणे अर्धवट दाबून ठेवते. चाचणी नेहमी आवरण काढूनच करावी. नंतर घालायचे असेल तर टोकाचा भाग उघडा राहील असे घालावे.

टप्पा ४ : रिमोट आणि बॉक्स यांमधली वाट

कॅमेऱ्यात रिमोट ठणठणीत दिसतो आणि तरी बॉक्सचा दिवा चुकतो, म्हणजे आदेश वाटेत हरवतो आहे. बॉक्सच्या पुढच्या बाजूला गडद प्लास्टिकची एक लहान खिडकी असते, तिच्यामागे ग्रहण करणारा ‘डोळा’ असतो. ही खिडकी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसावी. समोर साउंडबार आडवा आला आहे का, शोकेसची रंगीत किंवा नक्षीदार काच मध्ये आहे का, बॉक्सवर टाकलेल्या रुमालाची झालर पुढे लोंबते आहे का, हे पाहावे. हातभर अंतरावरून चालतो आणि सोफ्यावरून नाही, हे अशा अडथळ्याचे खास लक्षण आहे.

यानंतर प्रकाश तपासावा. ग्रहण करणाऱ्या डोळ्यात सभोवतालच्या सततच्या गोंधळाला उत्तर म्हणून आपली संवेदनक्षमता आपोआप कमी करण्याची सोय असते. खोलीत अवरक्त गोंगाट वाढला की रिमोटचा पल्ला घटतो, आणि दोष रिमोटचा आहे असे वाटत राहते. दुपारी चार-पाच वाजता पश्चिमेच्या खिडकीतून येणारे ऊन थेट बॉक्सवर पडत असेल तर पडदा ओढून चाचणी करावी. जुने सीएफएल आणि इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब यांचे विद्युत परिपथ रिमोटच्या लहरींच्या जवळपासच्या वेगाने चालतात, त्यामुळे त्यांच्यावरही संशय धरावा; टीव्हीमागे लावलेल्या स्वस्त रंगीत एलईडी पट्ट्याही कधी कधी असाच त्रास देतात. सगळे दिवे एकदम बंद करू नयेत. एकेक बंद करून प्रत्येक वेळी दहा दाबांपैकी किती लागू होतात ते मोजावे, नाहीतर दोषी दिवा कोणता हे कळणार नाही.

रिमोट ब्लूटूथचा असेल तर हे सगळे नियम बदलतात. ओळखण्याची रीत अशी की रिमोटचे टोक तळहाताने पूर्ण झाकून मेन्यूचे बटण दाबावे. तरीही चालले तर तो रेडिओ लहरींवर चालतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात काम करते आणि घरातला वाय-फाय राउटरही बहुधा त्याच पट्ट्यात असतो. अशी गर्दी असली की आदेश पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो आणि खरोखरचा उशीर होतो. रिमोट काही वेळ पडून राहिल्यावर पहिल्या दाबाला जागा होतो, त्यात सेकंदभर जाणे मात्र सामान्य आहे.

रेकॉर्डर वापरणाऱ्यांसाठी यात एक खास मेख आहे. रेकॉर्डिंगसाठी जोडलेली यूएसबी ३.० ची बाहेरची डिस्क आणि तिची केबल चालू असताना याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात गोंगाट सोडतात. डिस्क बॉक्सच्या डोक्यावर किंवा अगदी शेजारी ठेवलेली असली की रेकॉर्डिंग चालू असतानाच रिमोट मंद होतो आणि रेकॉर्डिंग संपले की आपोआप सुधारतो. ही तक्रार ऐकणाऱ्याला भुताटकीची वाटते. डिस्क शक्य तितकी दूर सरकवावी, केबल चांगल्या प्रतीची वापरावी, राउटर बॉक्सपासून हातभर तरी लांब ठेवावा आणि बॉक्स इंटरनेटला जोडलेला असेल तर तो ५ गिगाहर्ट्‌झच्या जोडणीवर घ्यावा. एवढ्याने भागले नाही तरच रिमोटची जुनी जोडणी सेटिंगमधून काढून पुन्हा जोडावा. जोडणीची बटणे प्रत्येक बॉक्सची वेगळी असतात, त्यामुळे माहितीपुस्तिकेत पाहिल्याशिवाय अंदाजाने बटणे दाबून धरू नयेत.

टप्पा ५ : रिमोट उघडणे

इथपर्यंतच्या चाचण्यांत ठरावीक बटणेच अडत असल्याचे दिसले असेल तरच हा टप्पा करावा. सेल काढावेत, कप्प्यातला स्क्रू असल्यास सोडवावा आणि दोन्ही कवचांच्या सांध्यात जुने एटीएम कार्ड सरकवत कडेकडेने खाचा सोडवाव्यात. पेचकसाने उचकल्यास खाचा तुटतात आणि मग रिमोट कायमचा रबरबँडने बांधून वापरावा लागतो.

आत रबराची एक चादर आणि तिच्याखाली सर्किटची पाटी दिसेल. रबराच्या प्रत्येक बटणाखाली काळा, वीजवाहक ठिपका असतो. पाटीवर अल्कोहोलची काडी हलक्या हाताने फिरवावी. काळ्या ठिपक्यांवर कोरडी काडी किंवा फारच मोजके अल्कोहोल पुरे, जोरात घासल्यास वीजवाहक थर निघून जातो. नुसती रबराची चादर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवता येते. पेट्रोल, थिनर आणि नेलपॉलिश काढण्याचे द्रव्य वापरू नये, कारण त्यांनी प्लास्टिक विरघळते आणि छापलेली अक्षरेही जातात.

सावधान: सगळे भाग पूर्ण कोरडे झाल्याशिवाय सेल घालू नयेत.

टप्पा ६ : बॉक्स स्वतःच मंद असेल तर

दिवा लगेच लागतो आणि पडदा रेंगाळतो, अशी नोंद पहिल्या टप्प्यात झाली असेल तर इथे सुरुवात करावी. मंद रिमोटच्या बऱ्याचशा तक्रारी शेवटी याच टप्प्यात येऊन थांबतात.

पहिले काम म्हणजे बॉक्स खऱ्या अर्थाने बंद करणे. रिमोटवरच्या लाल बटणाने बॉक्स फक्त झोपतो. आतली कामे चालूच असतात आणि महिनोन्‌महिने असेच चालल्यावर त्याची स्मृती गुंतागुंतीची होते. कोणतेही रेकॉर्डिंग चालू नाही आणि पुढच्या तासाभरात सुरू होणार नाही याची खात्री करावी, बॉक्स झोपवावा, अर्धा मिनिट थांबावे आणि मग भिंतीवरचे बटण बंद करावे. रेकॉर्डिंग चालू असताना वीज तोडल्यास डिस्कवरील नोंदी अर्धवट राहतात, म्हणून हा क्रम मोडू नये. दोन-तीन मिनिटांनी बटण सुरू करावे. बॉक्स उठल्यावर लगेच निकाल देऊ नये. कार्यक्रमांची मार्गदर्शिका पुन्हा भरून घेत असताना तो काही वेळ मंदच असतो. पंधरा-वीस मिनिटांनी मेन्यूची चाचणी पुन्हा करावी.

त्यानंतर उष्णता. रेकॉर्डरमध्ये प्रोसेसर आणि फिरणारी डिस्क दोन्ही तापतात. बंद शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे कोंबलेला किंवा राउटरच्या खाली दाबलेला बॉक्स नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत स्वतःचीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढतो. पहाटे मेन्यू सुरळीत आणि दुपारी तीनला रेंगाळणारा असेल तर कारण हेच. बॉक्सच्या वर आणि बाजूंना चार बोटे तरी मोकळी जागा ठेवावी, छिद्रांतली धूळ मऊ ब्रशने काढावी, त्यावर कापड टाकू नये. गार करण्यासाठी बॉक्स कूलरच्या झोतात ठेवण्याचा मोह टाळावा, त्या हवेतला ओलावा आणि खाऱ्या पाण्याचा अंश आत जाऊन जोडण्या खराब करतो. पंख्याची कोरडी हवा पुरते.

मग डिस्क. ती काठोकाठ भरली की नवे रेकॉर्डिंग लिहायला बॉक्सला जागा शोधत फिरावे लागते आणि तेवढा वेळ मेन्यू थांबून राहतो. कमीत कमी दहावा, जमल्यास पाचवा हिस्सा रिकामा ठेवावा. हिशेबासाठी एवढे लक्षात ठेवावे की ८ मेगाबिट प्रति सेकंद वेगाचे एचडी प्रसारण तासाला सुमारे ३.६ जीबी जागा घेते. रोजच्या मालिकेचे रेकॉर्डिंग एकदा ‘पूर्ण मालिका’ म्हणून लावून विसरून गेले की डिस्क कशी भरली हे कोणालाच कळत नाही. मालिका संपून दुसरी सुरू झाली तरी काही बॉक्स त्याच वेळेला रेकॉर्डिंग करत राहतात. यादी तपासून नको असलेले काढावे. काढतानाही एकेक काढावे आणि प्रत्येक वेळी यादी स्थिर होऊ द्यावी.

दोन वाहिन्यांचे रेकॉर्डिंग चालू असताना तिसरे जुने रेकॉर्डिंग पाहिले जात असेल, तर डिस्कला एकाच वेळी तीन ठिकाणी धावावे लागते. त्या वेळचा मंदपणा हा बिघाड नव्हे, चाचणी त्या वेळी करू नये.

डिस्क बाहेरून जोडलेली असेल तर फार मोलाची एक चाचणी करता येते. वर सांगितलेल्या क्रमाने बॉक्स बंद करून डिस्कची केबल काढावी, बॉक्स सुरू करावा आणि मेन्यू पाहावा. डिस्कशिवाय तो चपळ झाला तर दोष डिस्कचा, केबलचा किंवा तिला मिळणाऱ्या विजेचा आहे. नुसत्या यूएसबीवर चालणाऱ्या डिस्कला बॉक्सकडूनच वीज मिळते. यूएसबी २.० च्या खाचेतून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर आणि ३.० च्या खाचेतून ९०० मिलिअँपिअर अपेक्षित असतात. सुरू होताना काही डिस्क याहून जास्त ओढतात. लांब, बारीक, सुटी विकत घेतलेली केबल इथे आधी बदलावी. डिस्कमधून टिकटिक किंवा खरखर ऐकू येत असेल तर ती फार दिवस टिकणार नाही, असे समजून जे पाहायचे आहे ते पाहून घ्यावे. ती कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्डिंग वाचवण्याचा प्रयत्न बहुधा वाया जातो, कारण बहुतेक सेवांची रेकॉर्डिंग कुलूपबंद असून त्याच बॉक्सशी बांधलेली असतात. उलट कॉम्प्युटर डिस्क ‘फॉरमॅट’ करायची का असे विचारतो आणि घाईत ‘हो’ दाबले जाते.

बॉक्सचे अ‍ॅडॉप्टर कधी बदलले असेल तर त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर मूळच्याशी जुळतात का पाहावे. व्होल्ट तंतोतंत तेच आणि अँपिअर तेवढेच किंवा जास्त हवेत.

पडताळणी: सर्व करूनही मेन्यू मंद असेल तर बॉक्स रात्रभर वीज व अँटेना जोडून झोपलेल्या अवस्थेत ठेवावा. सॉफ्टवेअरचे नवे रूप उपलब्ध असेल तर ते सहसा अशा वेळी उतरते. सकाळी आवृत्तीचा क्रमांक आधी काढलेल्या फोटोशी ताडून पाहावा.

टप्पा ७ : टीव्ही

हा टप्पा लहान आहे. टीव्हीतील चित्र सुधारण्याच्या सोयी प्रत्येक चित्रावर काही क्षण प्रक्रिया करतात, त्यामुळे बॉक्सने वेळेत पाठवलेला मेन्यूही उशिरा दिसतो. बॉक्स ज्या एचडीएमआय जोडणीवर आहे तिच्यासाठी टीव्हीमध्ये ही प्रक्रिया कमी करणारा ‘गेम मोड’ लावून मेन्यू पाहावा. फरक पडला तर चित्र-सुधारणा कमी करून ठेवाव्यात. टीव्ही आणि बॉक्स एकमेकांना एचडीएमआयमधून आदेश देत असतील आणि एका बटणाला दोघेही उत्तर देत असतील, तर टीव्हीच्या सेटिंगमधून ती सोय बंद करून पाहावी.

टप्पा ८ : रीसेट, नवा रिमोट किंवा तंत्रज्ञ

रीसेटचे बहुधा दोन प्रकार असतात. सेटिंगपुरते रीसेट केल्यास भाषा, चित्राचा आकार, आवडत्या वाहिन्या यांसारख्या निवडी जातात. फॅक्टरी रीसेटमध्ये ठरवलेली रेकॉर्डिंग जातात आणि काही बॉक्समध्ये डिस्कही पुसली जाते. आधी पहिला प्रकार करावा, एक दिवस वापरून पाहावे आणि दुसरा प्रकार करण्यापूर्वी पडद्यावरची सूचना शेवटच्या शब्दापर्यंत वाचावी.

नवा रिमोट घ्यायचा ठरल्यास जुना सोबत न्यावा. बर्डीच्या गल्ल्यांत दिसायला हुबेहूब रिमोट पुष्कळ मिळतात, पण एकाच सेवेच्या साध्या बॉक्सचा आणि रेकॉर्डरचा रिमोट बाहेरून सारखा असून आतले संकेत वेगळे असू शकतात. मागच्या चिठ्ठीवरचा क्रमांक जुळवावा, आणि रेकॉर्ड, थांबा, मागे-पुढे पळवा ही बटणे रिमोटवर आहेत का ते पाहावे. नकली रिमोटमध्ये अनेकदा हीच मुकी असतात. दुकानातच सेल घालून, मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून या बटणांना ठिपका उमटतो का ते पाहून घ्यावे. ठिपका उमटला म्हणजे संकेत बरोबर आहे असे नाही, त्यामुळे बदलून देण्याची अट बिलावर लिहून घ्यावी.

तंत्रज्ञाला बोलावताना ‘रिमोट चालत नाही’ एवढेच सांगितल्यास तो बहुधा फक्त रिमोट घेऊन येतो. त्याऐवजी बॉक्सचा दिवा लगेच लागतो की चुकतो, डिस्क काढल्यावर फरक पडला का, दिवसाच्या कोणत्या वेळी त्रास वाढतो आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती, या चार गोष्टी फोनवरच सांगाव्यात. बॉक्स बदलून देण्याची वेळ आल्यास, आतली रेकॉर्डिंग नव्या बॉक्समध्ये येणार आहेत का हे जुना बॉक्स हातातून सोडण्यापूर्वी विचारावे आणि उत्तर ‘नाही’ असेल तर पाहायचे राहिलेले पाहून होईपर्यंतची मुदत मागून घ्यावी.